शर्यतीचं शेपूट

१२ ऑक्टोबर

प्रिय ताई,

नमस्कार. पाय धड असता तर वाकून केला असता. तुझ्या कानावर दुसरीकडून काही यायच्या आत मीच लिहितोय. फोन केला नाही, कारण फोनवर आपण दोघं हवापाण्याच्या पलीकडे जात नाही. तसं हेही हवेपासूनच सुरू झालं.

रविवारी डोंगराची शर्यत होती. दरवर्षीप्रमाणे मी पुढे. माझ्या बऱ्याच मागे टपालबाई, तिच्या मागे बाकीचं गाव आणि सगळ्यांच्या मागे आमचा बेकरीवाला. याला मी सलूनमध्ये येणाऱ्या प्रत्येकासमोर रोडरोलर म्हणत आलोय. वाट कळावी म्हणून झाडाझुडपांना गुलाबी फिती बांधतात. त्या मी कधी बघत नाही. फिती नवख्यांसाठी असतात, असं केस कापता कापता मीच ऐकवायचो. यंदा पावसात कड्याखालची जुनी वाट ढासळली, म्हणून फिती डावीकडून वळवल्या होत्या. मलाही सांगितलं होतं, पण तेव्हा बहुतेक मीच बोलत होतो. वर धुकं इतकं उतरलं की स्वतःचे बूट दिसेनात. मी सवयीने उजवीकडे गेलो. वाट संपली, पाय मुरगळला आणि मी एका कपारीत बसून राहिलो.

टपालबाई खिंडीतल्या चौकीवर पोचली तेव्हा तिथला माणूस म्हणाला, तू पहिली. ती म्हणाली, मी कशी पहिली, तो माझ्या पुढे होता. आणि ती उलटी फिरली. ताई, इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिचा नंबर येत होता. मग शर्यतच थांबवली. सगळं गाव रांग करून उतारावर मला शोधत होतं. तिलाच मी सापडलो. चौघांनी स्ट्रेचरवर घालून खाली आणलं, त्यात एक खांदा बेकरीवाल्याचा. मी डोळे मिटून पडलो होतो. दुखत होतं म्हणून नाही, कोणाचं तोंड बघवेना म्हणून.

आता लंगडत सलून उघडतो. खुर्चीसमोर भिंतभर आरसा आहे आणि दिवसभर त्याच्याकडे बघूनच काम करावं लागतं. भावोजींना यातलं काही सांगू नकोस.

तुझा
धाकटा


२४ ऑक्टोबर

धाकट्या,

तुझं पत्र वाचलं तेव्हा कुठे मला हे कळलं. आधी जीव धसकला, शेवटपर्यंत वाचल्यावर भांड्यात पडला आणि मग राग आला. लहानपणापासून तुझं हेच. आई सांगायची जिना एकेक पायरी उतर, तू कठड्यावरून घसरत यायचास आणि हनुवटी फोडून घेऊन रडत माझ्याकडे. आईकडे नाही, कारण ती वर दोन धपाटे घालायची.

पाय कोणता ते लिहिलं नाहीस. डावा की उजवा? घोट्याला बांधायचा पट्टा पाठवतेय, तो दोन्हीकडे चालतो.

त्या टपालबाईचे आभार मानलेस का? पत्रात कुठे दिसले नाहीत.

तुझ्या डोंगराबद्दल मी काय बोलणार. आमच्या या सपाट शहरात उड्डाणपूल हाच सगळ्यात मोठा चढ आणि लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर कपड्यांचं गाठोडं नेलं तरी मला धाप लागते. भावोजींना सांगू नको म्हणतोस, पण पत्र पेटीतून त्यांनीच काढलं आणि माझा चेहरा बघून चहाही त्यांनीच केला. पाय मुरगळलाय एवढंच सांगितलंय.

ताई


८ डिसेंबर

ताई,

पट्टा मिळाला. डावा.

इथे बर्फ पडायला लागलंय. वरची वाट बंद झाली की मंडळी बुटांना खिळ्यांचे पट्टे लावून नदीकाठाने पळतात. सकाळी माझ्या खिडकीखालून करकर आवाज जातो. तो गावाबाहेर जाईपर्यंत मी पांघरुणात तोंड घालून पडून राहतो. आजवर मी सगळ्यांच्या पुढे असायचो, त्यामुळे हा आवाज कसा असतो ते मला माहीतच नव्हतं.

सलूनमध्ये कोणी एका शब्दाने बोलत नाही. चिडवलं असतं तर परवडलं असतं. त्यांच्या जागी मी असतो तर वर्षभर पुरवून पुरवून खाल्लं असतं. हे लोक येतात, थंडी फार आहे म्हणतात आणि मान पुढे करतात. वस्तरा माझ्या हातात असतो आणि घाम मला फुटतो.

परवा तर कळस झाला. बेकरीवाला आणि शाळेच्या मोठ्या बाई घरी आल्या. शर्यतीची समिती म्हणजे हे दोघंच. बरोबर गरम पाव. मला वाटलं, विचारपूस करायला आलेत. तर म्हणाले, पुढच्या वर्षी शेपूट तू.

शेपूट म्हणजे काय ते सांगतो. शर्यतीत सगळ्यात शेवटच्या माणसाच्याही मागे एक जण चालतो. त्याने कोणाच्या पुढे जायचं नाही. शेवटचा बसला तर आपण बसायचं, तो रडला तर ऐकून घ्यायचं, आणि मागे राहिलेली एकेक फीत सोडून पिशवीत भरत यायचं. शेपूट पोचल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही असा नियम आहे. मी तोवर आंघोळ करून, जेवून आडवा झालेला असायचो. ज्याला डोंगरावरून उचलून आणावं लागलं त्यालाच पुढच्या वर्षी शेपूट करतात, ही इथली पद्धत. म्हणजे धिंड काढायचीच, फक्त वर्षभर वाट बघायला लावून.

मी पायाचं कारण सांगितलं. बेकरीवाला म्हणाला, ऑक्टोबरपर्यंत बरा होईल. ते गेल्यावर मी पाव खाल्ला. चांगला होता, त्यामुळे आणखीच लाज वाटली.

धाकटा


२ जानेवारी

धाकट्या,

धिंड काढणारी माणसं गरम पाव घेऊन येतात हे मी पहिल्यांदाच ऐकलं. तुझ्या आधी शेपूट कोण कोण होतं ते त्या बेकरीवाल्याला एकदा विचार. इतकी वर्षं पळतोस आणि तुला हे ठाऊक नाही, कारण तू मागे वळून कधी बघितलंच नाहीस.

लाज वाटते म्हणतोस. वाटू दे, थोडी तुला हवीच होती. फार दिवस नाकाने कांदे सोललेस. पण म्हणून घराबाहेर पडायचंच नाही हे काही मला पटत नाही. आणि टपालबाईंचं मी विचारलं होतं, ते तू सफाईने गाळलंस.

माझं विशेष काही नाही. पोटऱ्या दुखतात. पायाची दोन नखं काळी पडली आहेत. नवे बूट घेतले, तर भावोजी म्हणाले या वयात लाल कशाला. संध्याकाळी इतकी दमते की इस्त्री बंद केली की नाही ते घरी आल्यावर आठवत नाही, मग त्यांना परत पाठवते.

ताई


११ मार्च

ताई,

नखांचं डॉक्टरला दाखवलंस का? या वयात पायांकडे रक्त नीट जात नाही असं म्हणतात. भावोजी परवा फोनवर म्हणाले की तू बारीक झालीस. हे लक्षण मला बरं वाटत नाही. लाँड्रीत दुसरं कोणी ठेव.

बर्फ वितळतंय, वाटेवर घोटाभर चिखल आहे. सलूनच्या दारात सगळ्यांचे बूट साचतात आणि फरशी तीन-तीनदा पुसावी लागते. तशीच ती काल पुसत होतो. बेकरीवाला खुर्चीत बसला होता. बादली बाजूला ठेवली आणि कात्री घ्यायला गेलो. अर्ध्या वाटेत लक्षात आलं की मी उजव्या पायाने लंगडतोय.

ताई, पाय मुरगळलाच नव्हता. ना डावा ना उजवा. मी घाबरलो होतो. खाली काहीच दिसत नव्हतं, एक दगड सुटला तो पडल्याचा आवाजच आला नाही आणि माझे पाय गळाले. उभं राहता येईना. टपालबाईने विचारलं काय झालं, तर तोंडातून निघून गेलं की मुरगळला. मग स्ट्रेचर आलं. आता उठून चालतो कसं म्हणणार? धडधाकट माणसाला त्या घसरणीवरून चौघांनी खांद्यावर आणलं. एकाचा खांदा महिनाभर सुजला होता. आणि मी तेव्हापासून पाच महिने लंगडतोय. तुलाही खोटं लिहिलं, तुझा पट्टाही बांधून फिरलो.

बेकरीवाल्याने आरशात सगळं बघितलं. आमची नजरानजर झाली. मग त्याने डोळे मिटले आणि म्हणाला, कानावरचे जरा बारीक कर. मी केले. एका बाजूला खड्डा पडला. त्याने तोही बघितला, आणि छान झालेत म्हणून गेला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

धाकटा


२३ मार्च

धाकट्या,

उजव्या पायाचं वाचून मी इतकी हसले की गिऱ्हाईक दारातून परत गेलं. मग माझं मलाच वाईट वाटलं. तू लाजेने अर्धा झालायस आणि मी इथे डोळे पुसतेय.

आता माझंही ऐक. तुझं पहिलं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी समोरच्या डॉक्टरीणबाई कपडे न्यायला आल्या. भाऊ यंदाही पहिला ना, म्हणाल्या. मी हो म्हणाले. सवयीने नाही, चांगलं समजून उमजून. मला तुझी लाज वाटली, धाकट्या. मिनिटभरच, पण वाटली. त्यांनी अभिनंदन केलं आणि मी ते घेतलं. त्यानंतर त्यांच्या चादरींना मी जरा जास्तच कडक इस्त्री करते.

परवा त्यांना खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, अगंबाई, लागलं नाही ना त्याला? पुढे काही नाहीच. तूही जा आणि बेकरीवाल्याला सांगून टाक.

नखं बरी आहेत. माझी काळजी करू नकोस.

ताई


१९ जुलै

ताई,

तुझं ऐकायला मला चार महिने लागले. गेल्या आठवड्यात बेकरीच्या मागच्या दाराने गेलो. तो पिठाने माखलेला, भट्टीसमोर. म्हणालो, माझा पाय मुरगळलाच नव्हता. तो म्हणाला, माहीत आहे. मी म्हणालो, मार्चपासून ना? तर म्हणाला, छे, त्याच दिवसापासून. स्ट्रेचरवर तुला थंडी वाजली तेव्हा घसरलेलं पांघरूण तू त्याच पायाने वर ओढलंस. चौघांनीही बघितलं.

मी विचारलं, मग खाली का नाही ठेवलंत मला? त्याने ट्रे बाहेर काढला आणि म्हणाला, तुला चालता येत नव्हतं हे तर दिसतच होतं. पाय कोणत्या कारणाने चालत नाही हे कोण विचारत बसतं.

ताई, मी तिथे पिठाच्या पोत्यावर बसून रडलो. ज्याला मी रोडरोलर म्हणायचो तो माणूस माझं वजन घेऊन तो उतार उतरला, सगळं माहीत असून, आणि वर मला महिनोन् महिने लंगडू दिलं, कारण मला तेच सोयीचं वाटत होतं. तुझ्या सांगण्यावरून मग शेपटाचं विचारलं. कित्येक वर्षांपूर्वी त्यालाही वरून उचलून आणलं होतं. मोठ्या बाईंना तर दोनदा. म्हणाला, शेवटच्या माणसावर वैतागणार नाही असा माणूस लागतो, आणि तो असाच मिळतो. मी ही शिक्षा समजून इतके महिने त्यांच्यावर मनातून चरफडत होतो.

तर मी हो म्हणालोय. आता वरची कुरणं मोकळी झालीत, गुडघाभर गवत आहे. दोनदा जाऊन आलो. कपारीच्या वाटेकडे मात्र बघवत नाही.

एक मात्र जमत नाही. टपालबाईसमोर उभं राहणं. दारात पत्राची पेटी लावून घेतलीय, म्हणजे तिला आत यावं लागत नाही. का ते विचारू नकोस. ते या सगळ्याहून वाईट आहे.

धाकटा


१४ सप्टेंबर

धाकट्या,

घाईत लिहितेय. चोवीस तारखेपासून मी इथे नसेन. काही आठवडे पत्र टाकू नकोस, मिळणार नाही. लाँड्री भावोजी बघतील. कुठे आणि कशाला ते आल्यावर सांगेन. काळजीचं कारण नाही.

शेपूट नीट सांभाळ.

ताई


२७ सप्टेंबर

ताई,

पत्र टाकू नको म्हणालीस तरी टाकतोय. भावोजींना फोन केला तर म्हणाले ती विश्रांतीला गेलीय. कुठे, तर म्हणाले हवा चांगली आहे तिथे. पोटऱ्या, काळी नखं, बारीक होणं, दम लागणं, आणि आता हे. मी मूर्ख नाही. कुठल्या हॉस्पिटलात आहेस? मला का सांगत नाही? मी वर्षभर माझंच तुणतुणं वाजवत बसलो आणि तुझी पत्रं नीट वाचलीच नाहीत. त्याचीही आता लाज वाटतेय.

तुला काही व्हायच्या आत एक सांगायचंय.

त्या कपारीत मी ओरडत होतो. माणसं ओरडतात, त्याचं काही नाही. वाचवा म्हणतात, कोणी आहे का म्हणतात. मी 'ताई' म्हणून ओरडत होतो. ताई, ये ना. ताई, ये ना. किती वेळ ते माहीत नाही, गळा बसेपर्यंत. पन्नाशी उलटलेला माणूस, घरापासून दिवसभराच्या प्रवासावर असलेल्या बहिणीला हाक मारत होता. जवळ आल्यावर टपालबाई म्हणाली, ताई नाही, मी आहे, चालेल का? चेष्टेने नाही, अगदी सरळ. म्हणून मला तिच्यासमोर जाता येत नाही. तिने कोणाला सांगितलं असतं तर आजवर गावभर झालं असतं. सांगितलं नाही. पण ती रोज माझ्या दारावरून जाते आणि तिला माहीत आहे.

एवढंच होतं. बरी होऊन घरी ये.

धाकटा


२० ऑक्टोबर

धाकट्या,

काल रात्री घरी पोचले. तुझं पत्र टेबलावर होतं, भावोजींनी उघडलं नव्हतं. तुझ्याकडे आठवडाभर राहिले तरी आपण दोघं हवापाणीच बोललो, तेव्हा बाकीचं आता लिहूनच सांगते.

पहिलं म्हणजे, तू हे पत्र पेटीत टाकलंस तेव्हा मी तुझ्यापासून दोन गल्ल्यांवर टपालबाईच्या माडीवर पाय गरम पाण्यात सोडून बसले होते. डोंगराची सवय व्हावी म्हणून तिनेच मला आधी बोलावून घेतलं. तुझं पत्र तिनेच पेटीतून काढलं, पत्ता बघितला, आणि तरी पाठवलं. टपाल पत्त्यावरच जातं, म्हणाली. मला हे तिने गाडीत बसवून देताना सांगितलं. मी तिथे आहे हे गावात सगळ्यांना माहीत होतं. बेकरीवाला रोज पाव पाठवायचा. तू तेवढा रस्त्याकडे पाठ करून उभा असायचास. आणि पळणाऱ्या माणसा, काळी नखं वाचूनसुद्धा तुला कळलं नाही, याला मात्र मी हात टेकले.

वर्षभर उड्डाणपुलावर पळत होते. पहिले काही दिवस तर लाजेने कोपऱ्यावरूनच परत यायचे. बाल्कन्यांमधून माणसं बघायची, दूधवाला मुद्दाम हळू व्हायचा. भावोजी पाण्याची बाटली घेऊन सायकलवर मागे. माझं शेपूट तेच.

शर्यतीच्या सकाळी तू पिशवी खांद्याला लावून सगळ्यांच्या मागे येऊन उभा राहिलास आणि शेवटचं कोण आहे ते बघायला मान पुढे केलीस. मी वळले. तू नुसता म्हणालास, हॉस्पिटल? मी म्हणाले, नंतर. मग शिट्टी झाली आणि सगळे गेले आणि आपण दोघं राहिलो. चढावर मी सतरा ठिकाणी बसले. तू प्रत्येक वेळी बसलास. तुझं तोंड पडलेलंच होतं. तुला वाटत होतं की आजारी बहिणीला डोंगर चढायला लावलाय, आणि मला बोलायला श्वास नव्हता.

कड्यापाशी फिती डावीकडे वळल्या. तिथे तू थांबलास, उजवीकडे बोट दाखवलंस आणि म्हणालास, इथे. मी म्हणाले, हं. मग तू ती फीत सोडलीस. गाठ घट्ट होती, दाताने सोडावी लागली. इतक्या वर्षांत तू ती फीत पहिल्यांदा हातात धरत होतास.

खाली आलो तेव्हा दिवे लागले होते. सगळं गाव उभं होतं थंडीत, टपालबाई सगळ्यात पुढे. तिचा पहिला नंबर दुपारीच आला होता, तरी तेच ओले बूट घालून उभी होती. तू तिच्यासमोर गेलास, फितींची पिशवी तिच्या हातात दिलीस, आणि मान वर केलीस. ते मी बघितलं. आभार नंतर मान, एवढंही पुरे होतं.

आता शेवटचं. गेल्या वर्षी तुझं पत्र वाचून कळलं असं मी लिहिलं होतं, ते खोटं. शर्यतीच्या कागदावर घरचं माणूस म्हणून तू माझा नंबर दिला होतास. त्याच संध्याकाळी टपालबाईचा फोन आला. भाऊ सुखरूप आहे म्हणाली. एवढ्या धुक्यात सापडला कसा, मी विचारलं. तर म्हणाली, दिसत काहीच नव्हतं, हाकेच्या रोखाने गेले. काय हाक मारत होतास तेही सांगितलं. आणि म्हणाली, त्याला कळू देऊ नका, लाजेल.

लाजू नकोस. त्या हाकेमुळे सापडलास. मलाही ती पोचली, थोडी उशिरा. फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बूट बघायला गेले.

तू ये म्हणालास, म्हणून निघाले. पोचायला वर्ष लागलं, कारण मी हळू आहे.

तुझी
ताई